कट्ट्यावरची चिमूट

कोपरखैरण्यात, दुसऱ्या मजल्यावर,
आबा पुडी तळहातावर तोलतात.
दोनशे ग्रॅम लिहिलंय.
"दहा कमी भरंल," म्हणतात,
"पाकिटाचं वजन धरलंय त्यात."

चौतीस वर्षं वाशीच्या मार्केटात
त्यांच्या पाठीवरून गेली साखर.
घामाला चिकटून घरीही यायची.
आई सदरा भिजवायची
आणि बादलीतलं पाणी गोड व्हायचं.
मी आणि वसू कॉलर चोखायचो,
मुंग्या आमच्या आधी पोचलेल्या असायच्या.

आता सकाळी बोट टोचायचं.
दोनशे अठरा, दोनशे सहा,
गोण्या मोजाव्यात तसे
कॅलेंडरच्या चौकोनात आकडे लिहायचे.
लोखंडी आकडा खिळ्याला लटकलेला.
खांद्यावरचा उंचवटा तसाच.
आणि चहा कोरा,
औषधासारखा एका दमात.

मी सांगते, ही पण साखरच आहे, आबा.
अंजिरात असते, मनुकांत असते,
पण नखाएवढी.
जिभेला लागते, रक्ताला लागत नाही.
शरीर ओळखच दाखवत नाही तिला,
बरीचशी आली तशी बाहेर सोडतं.
गोडी रुपयात अकरा आणे.
डॉक्टरीणबाईंना विचारलंय,
बेतानं घ्या म्हणाल्या.

भाव ऐकून आबा हसले.
"एवढ्यात माझी आठवड्याची हमाली व्हायची.
आन् एवढीशी पाठीवर टाकली असती
तर पाठीला कळलंबी नसतं."

चहात घालायच्या आधी
चिमूटभर त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.
"माणूस फसंल, मुंगी न्हाई फसत.
गोदामात पोतं उसवलं
तर मुकादमाआधी तिला कळायचं."

बसलो दोघं. चहावर साय धरली.
खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं,
होत नव्हती.
मग एक आली. काळी, किडकिडीत.
मिशा हलवल्या,
दाण्याला वळसा घातला, पुन्हा घातला,
आली तशी गेली.

"बाकीच्यांना बोलवाय गेली," आबा म्हणाले.
"नापास केली," मी म्हटलं.
"कप उचलू का?" आई आतून.

आबांनी चमचाभर सोडली, ढवळली,
एक घोट घेऊन डोळे मिटले.
बराच वेळ मिटलेलेच.
"गोड हाय," म्हणाले,
आणि हात आपसूक खांद्यावर गेला.
"पर वजन न्हाई हिला."

सकाळी कट्ट्यावर चिमूट नव्हती.
आई म्हणते, मी पुसलेलं नाही.