पासंग

भटारखान्यातला तराजू जुना,
दांडी डावीकडं झुकलेली.
पहिल्याच दिवशी ध्यानात आलं.
अंगणातला एक खडा शोधून
उजव्या पारड्याला सुतळीनं बांधला.
इलाही मुल्ला परात घासता घासता बोलला,
पासंग बांधतोस व्हय रं?
म्हटलं, नायतर एका बराकीचं पीठ
दुसऱ्या बराकीच्या पोटात जातंय.

हे मी म्हणावं.

अठरा वर्षं सांगलीच्या यार्डात तोलार.
हळदीच्या पोत्यामागं किलो, दीड किलो
या अंगठ्याखाली राहायचं.
दाबायचा नाही. नुसता टेकवायचा.
समोर माल पिकवणारा, टोपी हातात घेऊन,
आणि सौद्याचा गलका.
त्याचं कलम कुणी लावलं नाही.
लागलंय ते एका रात्रीचं.
दोन किलोचं माप,
बाळगोंडाच्या कानामागं.
तो उठला नाही.
मापाला काय कळतंय कुठं ठेवलंय ते.

सही येते मला, तरी अंगठाच घेतात.
शाई दोन दिवस निघत नाही.

मागल्या मुलाखतीला शालन आली
पॉलिशच्या गिरणीतनं, तशीच.
जाळीला टेकलेले तळवे पिवळेजर्द.
पोरीचं सांगितलं, भाड्याचं सांगितलं,
मग जरा थांबून,
"बाळगोंडाची आई दिसली वाण्याकडं.
मला दोन रुपये कमी पडत हुते.
तिनं दिले."

आणि?

"आणि काय. साखर घिऊन गेली."

बेल झाली.

साहेब आले होते परवा, चांगला माणूस.
विचारलं, इथं येऊन काय शिकलास?
म्हटलं, चपाती.
हसले. रकान्यात लिहिलं, वर्तन समाधानकारक.
खोटं नाही ते.
पण ते दोन रुपये
रोज रात्री पारड्यात पडतात,
आणि दुसऱ्या बाजूला ठेवायला
माझ्याकडं काही नाही.
हे अख्खं आयुष्य त्याच्या
पासंगालाही पुरणार नाही.

पहाटे चारला उठतो.
दोनशे अकरा माणसांचं पीठ.
वारं यार्डाकडनं असलं की
शिजल्या हळदीचा वास भिंतीवरून उतरतो,
इलाही शिंकतो, शिव्या घालतो.
मी दांडी धरतो चार बोटांनी.
अंगठा मुठीत दुमडलेला,
झोपलेल्या पोराला
धरावं तसा.