शेपूट

फळ्यावर मी काढून दिले होते
दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी.
बावीस वर्षं तेच.
कौमुदी सुर्वे उठली:
"सर, बडोद्यात डोंगर कुठंय?"

तेव्हापासून तास माझा राहिला नाही.

पूर ओसरल्यावर विश्वामित्रीची माती
त्यांनीच आणली, गोणीत भरून, रिक्षातून,
भाड्यावरून गुजरातीत भांडत.
काय करायचं तेही त्यांनीच ठरवलं: मगर.
फैजानच्या गल्लीत शिरलेली,
स्कूटरखाली रात्रभर बसून राहिलेली.
"डोळे मिटलेले होते," फैजान म्हणाला.
"उघडे! मी गच्चीतून पाहिलेत," हेतल.
मतं घेतली. बरोबरी झाली.
आता एक डोळा मिटलाय, एक उघडा.

खवले उठवले बाटलीच्या झाकणांनी.
पाय पाच झालेत.
माझे हात शिवशिवतात,
इंटरमीडिएटला ए ग्रेड मिळवलेले हात;
पाठीमागे नेऊन
एकाने दुसऱ्याला धरून ठेवतो.

"दात राहिले," मी न राहवून म्हणालो.
कौमुदीनं वरही पाहिलं नाही.
"भुकेली नव्हती ती, सर. घाबरली होती."

घंटेला दहा मिनिटं असताना हाक आली:
"सर, तुम्ही रिकामेच आहात ना?
शेपूट धरा. सुकेपर्यंत."

धरलंय.
थंड, जड, नदीचा वास असलेलं.
घंटा होऊन गेली,
वर्ग डबे उघडून बसला,
कुणीतरी ठेपल्याचा तुकडा
माझ्या तोंडात कोंबला,
आणि मनगटावरून गढूळ ओघळ
कोपरापर्यंत येतोय, शर्टाच्या आत,
येऊ दे.