तासाला तीस

अर्जात एकच चौकट भरायची उरली होती.
वापर : स्वतःचा की भाड्याने.
हिवसे एजंटाने पेन माझ्या हातातून काढून घेतला,
"स्वतःचा लिहू. सारे तेच लिहितात.
ट्रॅक्टरले काय जीभ हाय?"

वरुडच्या त्या दुकानात पंखा कुरकुरत होता
आणि मला सुधाकर बोबडे आठवला.
ट्रॉली नाही, सडक नाही,
दुसऱ्याच्या कपाशीत साधी डवरणी चालली होती,
धुरा खचला. पायाचं हाड दोन ठिकाणी.
कंपनीचा माणूस आला, चहा प्यायला,
शेजाऱ्यांना सहज विचारता झाला : तासाचे किती घ्यायचा हो?
शेजाऱ्यांनी खरं सांगितलं.
त्याच्या भल्यासाठीच सांगितलं :
"लय वाजवी घ्यायचा साहेब. सहाशेच घ्यायचा."

म्हणून मी पेन परत मागितला.

फरक नऊ हजारांचा.
रात्री निर्मलाने वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला.
वर्षाचे तास किती?
मी म्हणालो, चारशे.
तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, तीनशे.
तासाला तीस रुपये.
एका खर्‍याचे पैसे.

सातशेचे सातशे तीस झाले,
आणि ही बातमी पिठाच्या चक्कीवर
ट्रॅक्टरच्या आधी पोचली.

त्या सातशेत काय काय होतं
हे कधी कोणी विचारलं नव्हतं.
डिझेल, बँकेचा हप्ता,
रोटाव्हेटरची पाती, जी काळ्या रानात झिजतात
अन् मुरमात तुटतात,
आणि माझी कंबर, जिचा दर अजून ठरायचा आहे.
विचारलं ते फक्त तिसाचं.
"काहून बाप्पा? डिझेल त वाढलं नाही."
धुऱ्याचे आहेत, मी म्हणायचो.
"धुरा त माह्या बापाचा हाय!"
मान्य. पण उतार कोणाचा?

संत्र्याच्या दोन ओळींत एवढासा ट्रॅक्टर शिरतो,
इकडून फांदी डोळ्यावर येते,
तिकडून ठिबकची नळी चाकाखाली सरकते.
आणि प्रत्येक वावरात एक पोरगं असतंच.
काका, एक चक्कर.
परवापरवापर्यंत मडगार्डवर बसवत होतो.
आता नाही म्हणतो. चौथ्या पानावर छापलंय, आसन एकच.
पोरगं कागद वाचत नाही.
ते चाकाच्या बरोबरीने धावतं
शेवटच्या झाडापर्यंत,
आणि जिंकल्यासारखं थांबतं.

जानराव देशकराने मात्र भाव केला नाही.
सातशे तीस? बरं.
मलाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं.
तास झाला, तसा तो छत्री घेऊन नाल्याच्या अंगाला उभा राहिला :
"घे, अजून कडेले घे."
कड आतून पोकळ होती. चाक जवळ गेलं
की मातीचा आवाज बदलतो, सीटखालून कळतो तो.
"भेतं कायले? विम्याचे घेतले ना माह्याजवळून?
मंग घे ना धुऱ्यापर्यंत!"

मी दोन हात गवत सोडलं
आणि ट्रॅक्टर वळवला.

त्याने तो पट्टा पावलांनी मोजला.
एकदा जाताना, एकदा येताना.
मग मोबाईलवर हिशेब केला, मला दाखवलाही,
सात मिनिटं तू चालवलंच नाही.
दोन तासांचे पावणेचौदाशे हातावर ठेवले.
विम्यापोटी साठ दिले,
भीतीपोटी पंच्याऐंशी कापले.

निर्मला म्हणाली, वहीत काय लिहू?
मी म्हणालो, लिही, जमा.

तो पट्टा अजून तसाच आहे, हिरवागार.
येता-जाता दिसतो.
माझ्या पंच्याऐंशी रुपयांवर
जानरावची शेळी चरत असते,
दोर लांब आहे तिचा,
पण कडेपर्यंत
तीही जात नाही.