सात रात्रींचं फडकं

जिलबीचे केस गळत नाहीत. वाढतात, माणसांसारखे.
दर पाच आठवड्यांनी मी तिला बंद शिलाई मशीनवर उभी करते
आणि कातरते. खाडीच्या दमट वाऱ्याने
काखेत गुंता होतो, तिथे कात्री चालत नाही,
बोटंच लागतात. ती माझ्याकडे अशी बघते
जशी लहान मुलं सुई धरलेल्या नर्सकडे.

मुलुंड पूर्वेला, मिठागराच्या अंगाला,
तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी कुत्री वाढवते.
त्याआधी एकोणतीस वर्षं पालिकेच्या इस्पितळात
छातीचे फोटो काढले.
श्वास घ्या. रोखून धरा. सोडा.
दिवसाला साठ-सत्तर वेळा.
झोपेतही म्हणायचे म्हणे,
आणि शेजारी नवरा बिचारा रोखून धरायचा.

लोक फोन करतात : अलर्जी न होणारी कुत्री तुमच्याकडेच ना?
मी सांगते, तशी देवाने केलेलीच नाहीत.
नुसत्या केसांचं नाही हो, थुंकीत असतं ते, कातडीच्या कोंड्यात असतं.
ही जात कमी सांडते, एवढंच.
एका गृहस्थांनी वॉरंटी कार्ड मागितलं,
फ्रिजबरोबर येतं तसं.
ठाण्याचा एकजण नर घेऊन आला, दिसायला राजबिंडा,
पण जिलबीचा आणि त्याचा आजा एकच निघाला.
चहा पाजून परत पाठवला.

म्हणून मी फडकं देते.
पिल्लांच्या टोपलीत आठवडाभर अंथरलेला
जुन्या लुगड्याचा चौकोन, झिपच्या पिशवीत.
आधी डॉक्टरांना विचारा, त्यांनी हो म्हटलं तर
सात रात्री मुलाच्या उशाशी ठेवा,
मग या.

चार्वी वायंगणकर, भांडुप, वय आठ.
गळ्यात पाण्याची बाटली, बाटलीच्या खोळीत पंप.
हनुवटी पांढरी असलेल्या पिल्लाला तिने
फडकं घ्यायच्या आधीच कापूस म्हणून टाकलं.
नाव ठेवलं की वस्तू आपली होते,
असं तिला कोणीतरी शिकवलं असणार.

पाचव्या रात्री दोन चाळीसला फोन.
वडील बोलत होते, मागे शिट्टी वाजत होती.
ती शिट्टी मी आयुष्यभर फोटोत शोधली,
फोटोत ती कधी दिसत नाही.
पंप द्या, म्हटलं, ताठ बसवा, गाडी काढा.

तिसऱ्या दिवशी आले तिघेही. आईने फडकं
धुऊन, इस्त्री करून आणलेलं.
आता त्याला कशाचाच वास नव्हता.
वडिलांनी पाकीट पुढे केलं : सवय होईल हो तिला.
रडरड रडतेय.
मी पाकीट परत सरकवलं.
धंदा करायला बसलात की धर्मशाळा, ते म्हणाले,
आणि चप्पल उलटसुलट घालून निघाले.
कापूस गेला घाटकोपरला, जुळ्या भावांकडे.
त्यांच्या सातही रात्री कोरड्या गेल्या होत्या.

चार्वी शनिवारी येते.
आईने फोनवर विचारलं होतं, नुसतं बघायला चालेल का.
ग्रिलच्या बाहेर, तुळशीच्या कठड्यावर बसते,
वारा पाठीकडून, मांडीवर माझं रजिस्टर.
आत मी रेवडीची पिल्लं
स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवते आणि ओरडते :
तीनशे दहा! दोनशे पंच्याण्णव! हा हलतोय, थांब!
ती लिहिते. आकडे सुबक, माझ्यासारखे तिरके नाहीत.
शेवटचा रकाना तिने स्वतः पट्टीने आखलाय.
शिंका. तो पिल्लांचा नाही.

काल जिलबी उठून ग्रिलपाशी गेली,
आतून टेकून बसली. दोघींत वीतभर हवा.
चार्वीने रुमाल नाकाला नेला, मग खाली घेतला.
खांदे वर गेले तिचे.
श्वास घे, मी आतून म्हटलं, जुन्या सवयीने.
सोड.
मधलं गाळलं.

रकान्यात तिने शून्य काढलं.
जरा वेळाने खोडून, एक.