दोन पेरं

कासारवडवलीच्या आमच्या सोसायटीत
एप्रिलच्या तिसऱ्या मंगळवारी फलक लागला :
पाणी दिवसातून दोनदा, पाऊण पाऊण तास.
अक्षर माझं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून
फलकाची अक्षरं मीच काढते.
त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहून गेलं :
आणि लॉनला?

लॉनला टँकर येत होता.
दिवाडकर म्हणायचे, पाहुणा आधी हिरवळ बघतो,
मग आपल्याला.
चांगुणा मेंगाळ पाइप धरून उभी असायची
आणि पाणी फरशीवरून, गाड्यांच्या चाकांखालून
गटाराकडे निघायचं, घाईघाईने,
तिथे कुणी बोलावल्यासारखं.

एका सकाळी तिने पाइप खाली ठेवला.
जास्वंदीच्या बुडाशी बोट खुपसलं, दोन पेरं,
आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरलं.
'वली हाय. माती चिकटली, बघा.
चिकटली तर द्यायचं नाय.'

छत्तीस वर्षं मी
शिल्लक न बघता कुणाला एक रुपया काढू दिला नव्हता.

सभेत भांडण झालं, होणारच होतं.
प्लास्टिकच्या हिरवळीचा नमुना कुणी आणला,
दुपारभर उन्हात पडून राहिला,
आणि सातव्या मजल्यावरची छोटी ओवी
त्यावर अनवाणी नाचायला गेली.
तिच्या रडण्याने ठराव मंजूर झाला.
इतिवृत्तात मी तसं लिहिलं नाही.

मग वाळकं गवत निघालं.
बदामाची पानं, जी रोज झाडून
पिशव्या भरून आम्ही बाहेर पाठवत होतो,
तीच आता चार बोटं जाड, मातीवर पांघरूण.
कळव्याहून अठरा मडकी आली,
गळ्यापर्यंत पुरली, तोंडावर कौलाचे तुकडे.
मडकं पाणी देत नाही, पाझरतं.
मुळं आपली आपण त्याच्याकडे येतात.
एसीच्या नळीखाली बादल्या लागल्या.
फिल्टरचं फेकपाणी मी हौसेने कुंडीत ओतायला गेले
तर चांगुणाने हात धरला :
'त्ये खारं. त्येनं फरशी पुसा.'

मे महिन्यात ती नऊ दिवस गावी गेली, शहापूरकडे.
तिकडच्या विहिरीत शिडी लावून उतरतात.
शहराकडे येणारी मोठी नळी
तिच्या बांधावरून जाते, असं ती म्हणाली.
तक्रार म्हणून नव्हे,
पत्ता सांगावा तसं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जास्वंदीने मान टाकली.
पानं अशी लोंबली की मला बघवेना.
पाइप नळाला लावला, तोटीवर हात ठेवला,
आणि फोन केला. मागे कुठे कोंबडा ओरडत होता.
'दुपारचं मान टाकणं खरं नसतं, ताई.
सांजच्याला बघा.
सांजंलाबी तशीच राहिली, तर मंग.'

पाच वाजले. साडेपाच.
दिवाडकर दोनदा खाली येऊन गेले,
दुसऱ्यांदा काही न बोलता माझ्या शेजारी बसले.
सहाच्या सुमाराला इमारतीची सावली वाफ्यावर आली
आणि जास्वंद उभी होती,
दुपार तिच्यावरून गेलीच नसावी तशी.
दिवाडकर म्हणाले, 'नाटकी आहे.'
पण हळू म्हणाले, तिला ऐकू जाऊ नये इतकं.

बहावा तर कोपऱ्यात मजेत होता.
त्याला कुणी कधीच पाणी घातलं नव्हतं
आणि त्यानेही कधी मागितलं नव्हतं.

माझ्या बोटाच्या नखात माती राहिली.
फलक लिहिताना ती खडूत मिसळायची,
पाण्याच्या वेळेला एक तपकिरी शेपूट यायचं.
पेन्सिलीने आता कुणी काही लिहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी चांगुणा आली.
पिशवी खांद्यावरच, चप्पल बाहेर काढलेली.
मडक्यांचं विचारलं नाही, माझंही नाही.
सरळ वाफ्यापाशी बसली,
पाचोळा बाजूला सारला, बोट घातलं,
दोन पेरं.
बराच वेळ आत ठेवलं.
मी श्वास धरून उभी, पासबुक भरून मिळायची
वाट बघणाऱ्या खातेदारासारखी.

तिने बोट पदराला पुसलं.
'आज नको,' म्हणाली.