किमतीचा रकाना

अब्बांनी तारा सैल केल्या, घोडी काढून
मलमलीत गुंडाळली, जव्हारीच्या दोऱ्याचे चार तुकडे
काडेपेटीत घालून ती दांडीला बांधली.
मग जुन्या उशा, मग पिंजर, मग भरमू सुताराचं खोकं,
बावीस खिळे. शेवटचा वाकला,
तो उपटून पुन्हा ठोकला.

मिरजेहून तंबोरा निघाला नऊ सप्टेंबरला.
युट्रेक्टला मारायके नावाची एक बाई
दिवाणखान्यातली खुर्ची बाजूला सारून
जागा करून बसली होती.
बारा तारखेला मुंबई. चौदाला लाइपझिग, आला.
चौदालाच लाइपझिग, निघाला.
नंतर मोबाइलच्या पडद्यावर तीच ओळ,
सतरा आठवडे.

सुकुमार चौगुले म्हणतो, मी फक्त पावती फाडतो, ताई.
माझ्या काट्यावर अकरा किलो आठशे भरलं,
गाडीत चढलं, तिथं माझं संपलं.
मुंबईवाला म्हणतो, विमानाला विचारा.
विमानवाले म्हणतात, उतरवलं, सही आहे.
सही कुणाची ते वाचता येत नाही.
विमा कंपनीचं चार पानी पत्र आलं,
त्यात 'खेद' तीनदा आहे
आणि 'आम्ही' एकदाही नाही.

भरमू सुतार मात्र कुणी न बोलावता आला.
उंबऱ्याबाहेर चपला काढून तसाच उभा:
"त्या वाकल्या खिळ्यानं तर झालं नसंल?"
अब्बा म्हणाले, बस, चहा घे.

आता माझं सांगते.
फॉर्म मी भरला होता. अब्बांना इंग्रजी येत नाही,
आणि माझं अक्षर गल्लीत नावाजलेलं.
बाईनं लिहिलं होतं, किंमत कमी दाखवा,
इथे कर फार बसतो, सगळे असंच करतात.
सगळे असंच करतात, हे खरंच आहे.
एक लाख चाळीस हजारांच्या जागी
मी नऊ हजार लिहिले.
वस्तूच्या रकान्यात: शोभेची, जुनी, वापरलेली.

वापरलेली!
तो भोपळा अब्बांनी वेलावर असताना
बोटानं वाजवून पसंत केला होता,
तेरा महिने माळ्यावर सावलीत सुकवला,
आणि लाखेचं काम चालू होतं तेव्हा
घरात कुणाला मोठ्यानं शिंकू दिलं नव्हतं.

नियमाप्रमाणे नऊ हजारच मिळणार,
त्यातून तपासणीचे दीड हजार वजा.
गल्लीतली पोरं म्हणतात,
भोपळा पाठवला, भोपळाच हाती आला.
मीही हसले. काय करणार.

बाई वाईट नाही. तिनं लिहिलं,
आगाऊ दिलेले सत्तर हजार मी सोडते,
उरलेले सत्तर तुम्ही सोडा,
म्हणजे कुणावरच सगळं पडणार नाही.
आणि खाली एक ओळ: दुसरा करायला घ्याल का?
किंमत मागच्यासारखीच लिहा.

त्या रात्री अब्बांनी पहिल्यांदा विचारलं,
"आकडा काय घातला होतास गं?"
सांगितला.
खुंटीला खडू घासत ते बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, "नऊ?
निदान पंधरा तरी घालायचे."

रागावले असते तर बरं झालं असतं.
मी अंथरुणात पडून हिशेब करत राहिले:
चौगुलेचा काटा, लाइपझिगची सही, बाईचा कर,
भरमूचा खिळा, माझं अक्षर.
कुठेतरी एका गुदामात अंधारात
काडेपेटी अजून दांडीला बांधलेली असेल,
आणि ज्याच्या हाती लागेल त्याला वाटेल
आत काड्या आहेत.

आज नवा तंबोरा निघायचाय.
चौगुले शटर अर्धं ओढून उभा आहे,
ताई, आटपा, गाडी साडेसातची.
नाव लिहिलं, पत्ता लिहिला,
वजन त्यानं सांगितलं ते लिहिलं.
वस्तू: तंबोरा. नवा.
पुढचा रकाना बारीक आहे,
सहा आकडे बसतील, न बसतील.