चतुःसीमा

भाडेपट्ट्याचं परिशिष्ट 'ब' मीच टाइप केलं,
दोन बोटांनी, चहा गार होईपर्यंत.
पूर्वेस बारा मीटर रुंद डी.पी. रस्ता.
पश्चिमेस कालव्याची हद्द.
दक्षिणेस मनपाची शाळा, हल्ली बंद.
उत्तरेस इतरांची मिळकत,
म्हणजे गोधड्या वाळत घालणारी सतरा घरं
आणि त्यांची भिंत, जिच्यापलीकडून
आमचा रबरी चेंडू शिवीसकट परत यायचा.
परिशिष्टात शिवीला जागा नव्हती.
'सध्याचा वापर' या रकान्यात
माझ्या आधीच्या बाबूने लिहून ठेवलं होतं: रिक्त.

त्या रिक्त जागेत मी आठ वर्षं उकिडवा बसलोय,
पर्वतीवरचे दिवे विझायच्या आत,
माझं तोंड शाळेकडे, पुढच्याचं भिंतीकडे,
पाठीवर हात पडायची वाट बघत.
खुटवड सर फक्की सोडत चालायचे
डालड्याच्या डब्यातून, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं.
दोरी लावत नसत. रेघ सरळ यायची.
एकदाच वाकडी आली, बाई ससूनला होत्या तेव्हा.
त्या दिवशी आम्ही वाकड्या रेघेवर खेळलो.
कुणी काही बोललं नाही.

विषय क्रमांक चव्वेचाळीस. चर्चा नाही. एकमताने.
विकसित करणे, चालविणे, देखभाल करणे,
तीस वर्षांसाठी.
तीन क्रियापदं. खेळणे कुठेच नव्हतं,
मी दोनदा शोधलं.

हरकती व सूचना मागवल्या,
जाहिरात आतल्या पानावर, नावात बदलाच्या शेजारी.
एकच आली. गुणपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूला,
निळ्या शाईत:

मा. आयुक्तसाहेब,
मैदान जरूर करा. दिवे लावा, पोरींना बरं पडेल.
हरकत एवढीच, की कालव्याकडचा खांब
दीड बोट शाळेकडे कललेला आहे.
तो सरळ करू नये.
बावीस वर्षांच्या पोरांचे हात त्याला बसलेत.
नव्याला सूर मारतील नि खांद्यावर पडतील.
कळावे. अं. ना. खुटवड.

हरकतीच्या फाइलला लावू की सूचनेच्या,
जेवणाची सुट्टी त्यातच गेली.
शेवटी आवक क्रमांक टाकला.
साहेब वाईट माणूस नाही. वाचून हसले,
मग हसू आवरून लिहिलं: निरसन केले.

मला उठता आलं असतं.
पण खो मिळाल्याशिवाय उठलं तर फाउल,
हे लहानपणी इतकं मुरलंय
की खुर्चीवरही मी भिंतीकडे तोंड करून
कुणाच्या तरी हाताची वाट बघत राहिलो.
साडेपाच वाजले. पंखा बंद केला.

खरं सांगायचं तर मैदान देखणं झालंय.
हिरवंगार, पाणी न मागणारं.
तासाला चौदाशे. दिव्यांचे वेगळे.
स्थानिकांसाठी सवलत: सोमवार ते बुधवार, पहाटे पाच ते सहा,
आधार कार्ड आणि मंडळाचं पत्र.
सवलतीपुरती कडेला खो-खोची एक पट्टी.
नफीसा, कावेरी, ओव्हाळांचा धाकटा,
कुणाकडेच मंडळ नाही.
ती गल्लीत खेळतात, विजेच्या खांबाला,
शॉक बसतो म्हणून पावसात नाही.

परवा रात्री मी एक तास घेतला.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला, टीम?
म्हटलं, येतायत.

बूट काढले. गुडघ्याला पट्टा बांधला.
हातांना माती लावायला वाकलो
तर बोटांना रबराचे काळे दाणे.
तरी धावलो. पंचेचाळिसाव्या वर्षी जेवढं धावतात तेवढं.
हात गेला जिथे जायची त्याला सवय होती,
दीड बोट शाळेकडे.

आडवा पडलो तेव्हा सगळे दिवे माझ्यावर.
खांदा दुखत होता, अगदी लेखी कळवला होता तिथेच.
भिंतीवरून कुणीतरी गोधडी आत ओढून घेतली.
स्पीकर खरखरला:
काका, दहा मिनिटं राहिलीत.